वाऱ्यावरची तळणी

चुरमुऱ्याच्या भट्टीवर कधी उभे राहिला आहात? मोठ्या लोखंडी कढईत वाळू तापत असते. भडभुंजा तिच्यात मिठाच्या पाण्यात मुरवून वाळवलेले तांदूळ ओततो, दोन-चार हात फिरवतो, आणि बघता बघता तांदूळ टचाटच फुलतात. मग सगळं चाळणीवर: वाळू खाली, चुरमुरे वर. तेलाचा थेंब नाही, तरी दाणा फुलला आणि कुरकुरीत झाला.

गेल्या वर्षी मावशीने फोन करून विचारलं, "अरे, तो एअर फ्रायर घेऊ का? त्यात म्हणे तेल न घालता वडे तळता येतात." तेव्हा मला ही भट्टीच आठवली. डॉक्टरांनी तिला तेल कमी करायला सांगितलं होतं. घरात ती आणि काका, दोघंच. जाहिरातीत कढई, वडे आणि हसरं कुटुंब होतं. मी म्हटलं, "वडे विसर, मग बोलू."

तळण्यात तेल नेमकं काय करतं? चव देतं हे खरं, पण त्याचं पहिलं काम हमालाचं आहे: चुलीची उष्णता उचलायची आणि पदार्थाच्या कानाकोपऱ्यात नेऊन टाकायची. भट्टीत हे काम वाळू करते. एअर फ्रायरमध्ये ते हवेवर येऊन पडतं, आणि हवा हा फार अशक्त हमाल आहे. एक लिटर तापलं तेल एका अंशाने निवताना जेवढी उष्णता सोडतं, तेवढी द्यायला १८० अंश सेल्सिअसची सुमारे दोन हजार लिटर हवा लागते. शिवाय उष्णता स्वतःतून पुढे सरकू देण्यात तेल हवेच्या चार-पाच पट सरस. १८० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये आपण क्षणभर हात घालून वाटी बाहेर काढतो (फडकं धरून, अर्थात). तितक्याच तापलेल्या तेलाचा एक थेंब मनगटावर उडाला तर काय होतं, ते सांगायला नको. तापमान दोन्हीकडे तेच, उष्णता पोचवण्याचा वेग निराळा.

मग या अशक्त हमालाकडून काम करून घ्यायचं कसं? त्याला पळवायचं. कोणत्याही पदार्थाभोवती हवेचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर चिकटून असतो आणि तो गोधडीसारखा उष्णता अडवतो. पंख्याचा जोरदार झोत मारला की ही गोधडी विरळ होते. चहावर फुंकर घालताना आपण हेच करतो, फक्त तिथे उष्णता बाहेर जाते, इथे आत येते. एअर फ्रायरच्या डोक्यावर तापणारं कॉइल असतं, त्याच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली, आणि हे सगळं एवढ्याशा डब्यात. जागा लहान म्हणून डबा लवकर तापतो आणि वारा सतत पदार्थावरून फिरत राहतो. बस्स, यंत्र एवढंच.

ही कल्पनाही नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी विमानातल्या प्रवाशांचं गोठवलेलं जेवण गरम करायला पंख्याची छोटी भट्टी बनवली होती. बेकरीवाले पंख्याचे ओव्हन कित्येक वर्षं वापरत आले आहेत. २०१० मध्ये फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात टोपलीवालं घरगुती यंत्र आणलं आणि त्याला 'एअरफ्रायर' असं नाव दिलं. माझ्या मते त्यातला सर्वांत चतुर भाग ते नावच. 'वाऱ्याचा छोटा ओव्हन' म्हटलं असतं, तर एवढे खपले नसते.

पळणारी हवा झाली तरी ती कढईतल्या तेलाची बरोबरी करत नाही. बटाट्याचे काप तेलात सहा-आठ मिनिटांत होतात, एअर फ्रायरमध्ये अठरा-वीस मिनिटं घेतात. हा फरक नुसता घड्याळाचा नाही. कुठल्या पदार्थाला घाई लागते आणि कुठल्याला लागत नाही, यावर सगळा निकाल ठरतो.

वडा घ्या. बेसनाचं पीठ ओलं, ओघळणारं. तेलात पडताक्षणी त्याचा बाहेरचा थर शिजून घट्ट होतो आणि आतली भाजी जागच्या जागी कोंडली जाते. हवेत हे व्हायला वेळ लागतो, तोवर पीठ टोपलीच्या जाळीतून खाली टपकून तिथेच भाजायला लागतं. मी एकदा हट्टाने करून पाहिलं. वर उघडा बटाटा, खाली बेसनाचे लोंबते झुंबर. कांदाभजीची तीच गत.

पुरी फुगते ती आतल्या पाण्याची एकदम वाफ झाल्यामुळे. ती वाफ कोंडून धरणारा पापुद्रा तोवर लवचीक असावा लागतो. हवेत पुरी हळूहळू तापते, पाणी गुपचूप निघून जातं आणि हातात चिवट बिस्कीट येतं. कुरडई, साबुदाण्याच्या पापड्या, मिरगुंडं यांचंही असंच: वाळलेल्या पिठातलं उरलंसुरलं पाणी एका झटक्यात वाफ झालं, तरच त्या फुलतात. हा झटका तेल देतं, भट्टीतली वाळू देते; हवा देत नाही. पापड तर टोपलीत ठेवलाच तर वाऱ्याने उडून थेट कॉइलला चिकटू शकतो. तो आपला गॅसवर भाजावा, त्यासाठी पाच हजारांचं यंत्र कशाला?

आता दुसरी बाजू. कोथिंबीर वडी, अळूवडी आधीच वाफवलेली असते. तिचा आकार ठरलेला, आतून ती शिजलेली, गरज फक्त बाहेरून खरपूस होण्याची. इथे घाई नाही. वड्यांना ब्रशने तेलाचा हात फिरवा, १८० अंशांवर बारा-पंधरा मिनिटं ठेवा, मध्ये एकदा उलटा. कढईतल्या वडीच्या अगदी जवळ जाते. रताळ्याच्या फोडी, फ्लॉवर, पनीर, रवा लावलेल्या सुरमईच्या तुकड्या, शेंगदाणे, मखाणे यांचंही छान जमतं. बोंबील मात्र माझ्याकडून आजवर जमले नाहीत. त्या माशात पाणीच इतकं, की रवा कुरकुरीत होण्याआधी भिजून जातो. वांगं भाजून निघतं, पण भरताला जो धुराचा वास लागतो तो आचेवरच येतो.

आणि एका कामात हे यंत्र खरोखर निर्विवाद आहे: कालचे सामोसे. मायक्रोवेव्ह आतलं पाणी तापवतो, त्याची वाफ बाहेर येऊन पारीला ओली करते, आणि सामोसा ओल्या फडक्यासारखा होतो. एअर फ्रायरमध्ये बाहेरची ओल आधी उडते. मऊ पडलेली बाकरवडी, सादळलेली शेव, उरलेला पिझ्झा, चार-पाच मिनिटांत पुन्हा ताजे. चिवडा घालू नका. पातळ पोहे डबाभर उडतात.

चवीचं काय? १४० अंशांच्या आसपास आणि त्यावर पिठातली साखर आणि प्रथिनांतली अमिनो आम्लं एकत्र येऊन तांबूस रंग आणि खमंग वास तयार होतो. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही अभिक्रिया प्रथम मांडली. ती एअर फ्रायरमध्येही होते, म्हणून पदार्थ खमंग लागतो. पण 'तळणीचा वास' म्हणून आपण जो ओळखतो, गल्लीच्या तोंडाशीच वडापावची गाडी कळते तो, त्याचा मोठा भाग तेलातून येतो. तेलातलं लिनोलेइक आम्ल तापून विघटित होताना २,४-डेकाडायनाल नावाचं संयुग बनतं आणि नाकाला ते अगदी थोडंही पुरतं. तेलच नसेल तर तो वासही नाही. म्हणून एअर फ्रायरमधली गोष्ट भाजल्यासारखी लागते, कारण ती भाजलेलीच असते.

मावशीचा मूळ मुद्दा तेलाचा होता, त्याचा हिशेब आम्ही फोनवरच मांडला. समजा चार माणसांच्या घरात महिन्याला चार किलो तेल लागतं. आठवड्यातून एकदा तळण होतं आणि दर वेळी पदार्थ मिळून १०० ग्रॅम तेल पितात. म्हणजे महिन्याचं तळणाचं तेल ४०० ग्रॅम, एकूण खपाचा दहावा भाग. उरलेलं बहुतेक जातं फोडणीत, परतण्यात, पोळीला लावण्यात. तिथे एअर फ्रायर काहीच करू शकत नाही. एका ग्रॅम तेलात ९ किलोकॅलरी. रोजच्या भाजीच्या फोडणीतला एक मोठा चमचा कमी केला, तर सुमारे १२० किलोकॅलरी कमी होतात, आणि त्याला वीजही लागत नाही. ज्या घरात दिवसाआड तळण होतं, त्यांचं गणित अर्थातच वेगळं येईल. तुम्ही तुमचे आकडे घालून पाहा.

तळतानाही तेल कमी पिणं आपल्या हातात असतं. पदार्थ कढईत असताना त्याच्यातून वाफ बाहेर ढकलली जात असते, त्यामुळे तेलाला आत शिरायला फारशी जागा नसते. बरंचसं तेल आत जातं ते पदार्थ बाहेर काढल्यावर: आतली वाफ निवून पाणी होते, पोकळी तयार होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून घाणा काढल्यावर झारा कढईवरच नीट झटकून लगेच कागदावर टिपणं महत्त्वाचं, थंड झाल्यावर टिपण्यात फार अर्थ नाही. आणि साबुदाणा वड्यासाठी आप्पेपात्र आहेच. चार-पाचशे रुपयांत, थेंबभर तेलात, आणि वडे दोन्ही बाजूंनी खरपूस.

गोठवलेले फ्रेंच फ्राइज 'तेलाविना' होतात म्हणून खूश होणाऱ्यांनी पाकिटाची मागची बाजू वाचावी. ते कारखान्यातच अर्धे तळून येतात, तेल त्यांच्या अंगात आधीच असतं. एअर फ्रायरमध्ये ते इतके सुरेख होतात, याचं कारणही तेच.

तळणाचं उरलेलं तेल ही मात्र खरी डोकेदुखी आहे आणि इथे या यंत्राचा फायदा मान्य करायला हवा. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ते बिघडत जातं आणि त्यातून तयार होणारी ध्रुवीय संयुगं त्यात साठत जातात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे, त्यापुढचं तेल वापरायचं नाही. हॉटेलात हे मोजायचं उपकरण ठेवता येतं. घरी आपण रंग आणि वास बघतो आणि 'फोडणीला चालेल' म्हणून बरणीत भरून ठेवतो. तळणच नाही, तर बरणीही नाही.

ॲक्रिलामाइडबद्दल दोन्ही बाजूंनी अतिरेकी बोललं जातं. बटाट्यासारख्या पिठूळ पदार्थात १२० अंशांच्या वर अ‍ॅस्परजिन हे अमिनो आम्ल आणि साखर मिळून हे संयुग बनतं. खाण्यात ते असतं हे २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, आणि ते माणसात कर्करोग घडवणारं असण्याचा संभव आहे असं त्याचं वर्गीकरण आहे. एअर फ्रायरमध्ये ते आपोआप नाहीसं होत नाही. किती तापवलं आणि किती वेळ, यावर ते ठरतं. काप काळपट होईपर्यंत ठेवले तर यंत्र कोणतंही असो, ते जास्तच बनणार. काप सोनेरी झाले की काढा, आधी अर्धा तास पाण्यात भिजवा, आणि तळायचे किंवा भाजायचे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होते आणि मग हे संयुगही जास्त बनतं.

आता आकार. डब्यावर '४ लिटर' लिहिलेलं असतं ते पूर्ण टोपलीचं माप. पण वारा प्रत्येक तुकड्याभोवती फिरायला हवा, म्हणून काप एका थरात, फार तर थोडे एकावर एक. ढीग घातला की मधले उकडतात. त्या चार लिटरमध्ये दोघा-तिघांपुरतं एका वेळी होतं. पाच-सहा माणसांच्या घरात तीन फेऱ्या लागतात, आणि तिसरी निघेपर्यंत पहिली गार झालेली असते. अशा घरात ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा विजेचा ओव्हन, परवडतो. तो आधीच असेल आणि त्यात पंखा असेल, तर एअर फ्रायरचं काम तुमच्या घरी होतच आहे, फक्त तापायला दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात.

विजेची भीती मनातून काढा. १५०० वॉटचं यंत्र वीस मिनिटं सलग चाललं तरी अर्धं युनिट. प्रत्यक्षात कॉइल मध्येमध्ये बंद होतं, म्हणजे त्याहून कमी. दहा रुपये युनिट धरलं तरी पाच रुपयांच्या आत.

मावशीने शेवटी घेतला, आणि तो तिच्या उपयोगाचा ठरला. घरात दोनच माणसं, ओव्हन नाही, रात्री काहीतरी भाजलेलं खायची सवय. वडे ती अजूनही कढईतच तळते, महिन्यातून एकदा. मी तिला एकच गोष्ट सांगायला विसरलो. १५०० वॉट म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर, आणि ओट्यावरचा मिक्सरचा सॉकेट असतो सहा अँपिअरचा. स्वयंपाकघरातला एकुलता एक मोठा पॉइंट फ्रिजने अडवलेला. त्यामुळे सध्या तिच्या अळूवड्या बेडरूममध्ये, एसीसाठी काढलेल्या पॉइंटवर भाजल्या जातात.