मनोऱ्यातला पांढरा ‘धूर’ किरणोत्सारी नसतो

‘अणुवीज केंद्राच्या रुंद मनोऱ्यांतून किरणोत्सारी धूर निघतो’ हा फोटोसह मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. फोटो पाहून भीती वाटणे स्वाभाविकच. पण फोटोतला तो ‘धूर’ म्हणजे पाण्याची वाफ असते. टर्बाइन (वीज तयार करणारे पात्यांचे चक्र) फिरवून आलेली वाफ कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्रात, नळ्यांच्या बाहेरून थंड होते; नळ्यांच्या आतून वाहणारे पाणी वेगळे. तेच तापून थंड होण्यासाठी मनोऱ्यात येते, अणुभट्टीतले नव्हे. केंद्रातून थोडे किरणोत्सारी वायू सोडले जातात हेही खरे, पण गाळून, मोजून आणि वेगळ्या उंच चिमणीतून. पडताळायचे असेल तर चंद्रपूरला पाहा: कोळशावरच्या वीज केंद्रातही असेच मनोरे आहेत. उलट तारापूरच्या अणुवीज केंद्रात ते नाहीतच, कारण तिथे थंड करायला समुद्राचे पाणी वापरतात.