दोरावरून झाडावर: येण्याआधी एवढं वाचून घ्या

"लहानपणी चिंचेवर सरसर चढायचो, त्याला दोर कशाला?" फोनवर हा प्रश्न हमखास येतो. त्या चढाईत सगळा भार हातापायांवर असायचा. हात सुटला की माणूस खाली. इथे तुम्ही पहिल्या फुटापासून हार्नेसमध्ये, म्हणजे कंबर-मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांमध्ये, बसलेले असता. मध्येच दोन्ही हात सोडलेत तरी जिथल्या तिथे लटकत राहता, गप्पा मारता, दम खाता. हे तंत्र मुळात झाडांची छाटणी करणाऱ्या कारागिरांचं. अमेरिकेत अटलांटा शहरात पीटर जेन्किन्स यांनी 1983 मध्ये गट काढला आणि हौशी लोकही असे झाडावर जाऊ लागले. आपल्याकडचे पाडेली, म्हणजे नारळ पाडणारे, माडावर चढतात ते वेगळं कसब आहे, ते शिकवायची आमची पात्रता नाही.

दोर वर जातो कसा

बारीक दोरीला वजनदार छोटी पिशवी बांधून ती हव्या त्या फांदीवरून फेकतो. एका फेकीत जमेलच असं नाही, तेवढा धीर धरा. त्या दोरीने मग जाड दोर ओढून घेतो. दोर थेट सालीवर घासला तर सालीखालचा जिवंत थर सोलला जातो, म्हणून फांदीवर आधी कडीचा पट्टा बसवतो आणि दोर त्या कडीतून नेतो. टोकदार खिळ्यांचे बूट आमच्याकडे चालत नाहीत. प्रत्येक पावलागणिक सालीला भोक पडतं.

दोराचं एक टोक तुमच्या हार्नेसला असतं आणि दुसऱ्या बाजूच्या दोरावर एक सरकती गाठ. भार आला की ती आवळते, भार काढून वर ढकलली की सरकते. दोर दुपदरी असल्यामुळे 1 मीटर चढायला 2 मीटर ओढावा लागतो, पण जोर जवळपास निम्माच लागतो. शिवाय पायात दोराचा फास असतो: उभं राहायचं, गाठ वर सरकवायची, बसायचं. दंडात ताकद नाही म्हणून कुणी मागे राहू नये. चढतात ते पाय.

उतरताना मात्र घाई नको. गाठीवर हलका दाब देत सावकाश या. भर्रकन आलात तर गाठ तापते आणि दोराचा पृष्ठभाग वितळून चकाकायला लागतो. असा दोर आम्ही बाद करतो.

झाड आम्ही निवडतो

यावर वाद घालू नका. रायवळ आंबा, चिंच, वड, ही आमची आवडती. शेवगा, पांगारा, गुलमोहर कधीच नाहीत. जांभूळ कितीही मोहात पाडो, त्याची फांदी ठिसूळ. दोर टाकायची फांदी जिवंत आणि निदान 15 सेंमी जाड हवी. आधी बुंध्याभोवती फिरून अळंबी, भेगा, वर अडकलेली सुकी फांदी पाहतो, लाकडी मोगरीने ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकतो. मग आमची दोन माणसं एकदम त्या दोराला लोंबकळतात. फांदी कुरकुरली तर झाड बदलतं.

आग्यामोहोळ दिसलं तर तो परिसरच सोडतो. उग्र वासाने माश्या चवताळतात, म्हणून अत्तर, परफ्यूम लावून येऊ नका. हुमल्यांचं, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्यांचं, घर असलं तरी झाड बदलतो. ते चावून मारत नाहीत, पण अर्ध्या वाटेत सदऱ्यात शिरले तर कोणतीही गाठ आठवत नाही. घरटी असतील ती फांदी पक्ष्यांची. देवराईत कितीही आग्रह झाला तरी दोर टाकत नाही.

तुमच्याकडून

पूर्ण लांबीची पँट, बंद बूट, केस बांधलेले, अंगठ्या घरी. मोबाइल दोरीला अडकवला असेल तरच वर. निसटला तर खाली कुणाच्या तरी डोक्यात पडेल, म्हणून खाली उभ्या असलेल्यांनाही हेल्मेट सक्तीचं आहे. रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण यांबद्दल नोंदणी करतानाच सांगा. हार्नेसमध्ये हालचाल न करता फार वेळ लटकू नका, मांड्यांतला रक्तप्रवाह मंदावतो. पाय हलवत राहा आणि मुंग्या आल्या किंवा गरगरलं तर लगेच हाक मारा, आम्ही खाली घेतो.

जून ते सप्टेंबर बंद. एरवीही विजा कडाडल्या किंवा वारा उठला की सगळे खाली. तो दिवस पुढे ढकलून मिळेल, पैसे कापत नाही.