डबीत भडक, गालावर फिका

लग्नसराईत लातूर-बीडकडच्या कुठल्याही पार्लरमध्ये हे वाक्य कानावर पडतंच : "डबीत तर ब्लश केवढा लाल दिसत होता गं, गालावर आलाच नाही!" मग कोणी कंपनीला बोल लावतं, कोणी नवरीच्या सावळ्या रंगाला. पावडरीच्या कणांमध्ये अडकलेल्या हवेकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही, आणि बहुतेक वेळा घोटाळा तिथेच असतो.

ब्लश (गालाची लाली) किंवा आयशॅडोच्या (पापणीवरच्या रंगाच्या) डबीत निव्वळ रंग फार थोडा असतो. बाकीचा माल म्हणजे टाल्क (आपलं शंखजिरं), अभ्रक असे पांढुरके कण आणि सगळं धरून ठेवायला किंचित तेल. लाल, पिवळा, काळा हे रंग बहुधा लोहाच्या ऑक्साइडचे. खोक्यामागे बारीक अक्षरात सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ असे आकडे असतात, ते याच क्रमाने त्यांचेच. आता प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात शिरतो तेव्हा दोघांच्या अपवर्तनांकात (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो, त्याचा आकडा) जेवढं अंतर, तेवढा जास्त प्रकाश सीमेवरूनच मागे फिरतो. हवेचा अपवर्तनांक १, टाल्कचा १.५८ च्या आसपास. पावडर सैल पडली की प्रत्येक कणाभोवती हवा असते. प्रकाश कणाकणावर आपटत राहतो आणि त्यातला बराचसा, रंगद्रव्याला भिडण्याआधीच, पांढराच्या पांढरा परत येतो. हा पांढरा उजेड लालात मिसळला की लाल गुलाबीसर होतो. सावळ्या गालावर तर तो राख फासल्यासारखा दिसतो. पहिला पाऊस पडल्यावर करडं दिसणारं रान तासाभरात काळंभोर होतं, तेही याच कारणाने : पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे मातीच्या जास्त जवळचा. हवेच्या जागी पाणी आलं की प्रकाशाचं भिरभिरणं कमी होतं आणि मूळ रंग दिसतो.

म्हणजे ब्रशने करायचं काम एकच, कणांमधली हवा घालवायची. मोठा, फुलारलेला ब्रश गालावरून सरसर फिरवला तर नेमकं उलट घडतं. त्याचे मोकळे केस आधीच थोडी पावडर उचलतात, ती विरळ पसरवतात आणि पुढच्या फटकाऱ्यात आधी बसलेलीही उडवतात. फिका, हलका रंग हवा असेल तर हे ठीकच आहे. भडक रंगासाठी आखूड, दाट केसांचा चपटा ब्रश घ्यावा आणि घासण्याऐवजी दाबत जावं : टेकवायचा, किंचित दाबायचा, उचलायचा. रंग बसल्यावर मग फक्त कडा मोकळ्या ब्रशने मिसळायच्या. केसांचाही थोडा फरक पडतो. प्राण्याच्या केसावर सूक्ष्म खवले असतात, त्यांत कोरडी पावडर छान अडकते. नायलॉनसारखा कृत्रिम तंतू गुळगुळीत असतो आणि पाणी फारसं पीत नाही, म्हणून ओल्या कामाला तो बरा.

चमकीच्या, म्हणजे शिमरच्या, बाबतीत दाबण्याचा परिणाम सगळ्यात स्पष्ट दिसतो. यातले कण अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांचे असतात आणि त्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवलेला असतो. चंदेरी झाक देणारा थर साधारण ५० नॅनोमीटरचा. जाडी वाढवत नेली की सोनेरी, तांबूस, निळी, हिरवी झाक मिळते. पण पापुद्रा आडवा पडला तरच तो आरशाचं काम करतो. ब्रश फिरवून लावलेल्या शिमरमध्ये पापुद्रे वेडेवाकडे उभे राहतात, प्रत्येक जण भलतीकडेच उजेड फेकतो आणि निम्मे डोळ्याखाली गळून पडतात. दाबले की ते पापणीवर एकमेकांशेजारी चपटे बसतात. बोटाने लावलेलं शिमर ब्रशपेक्षा सरस दिसतं ते म्हणूनच. बोटाच्या दाबासोबत त्वचेचं जरासं तेलही मिळतं.

ब्रश ओला करायची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे, क्रम मात्र बरेच जण चुकवतात. आधी कोरड्या ब्रशवर पावडर घ्यावी, मग ब्रशवर स्प्रे मारावा. ओला ब्रश डबीत बुडवला की तिथे पापडी धरते, शिवाय कोरडेपणामुळे जंतूंपासून वाचलेल्या पावडरीत पाणी जातं. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना आपल्याकडच्या कोरड्या हवेत नुसतं पाणी काही क्षणांत उडून जातं. मग हवा पुन्हा कणांत शिरते आणि मॅट, म्हणजे बिनचमकीचा, रंग बराचसा पूर्वीसारखा फिका होतो. शिमरचं तसं होत नाही, कारण आडवे पडलेले पापुद्रे आडवेच राहतात. मॅटसाठी ग्लिसरीन असलेला स्प्रे जास्त उपयोगी. ग्लिसरीन सहजी उडत नाही.

त्याहून टिकाऊ उपाय खाली थोडा चिकट थर देण्याचा. हा तर घरातल्या आज्यांना पूर्वीपासून माहीत होता : कपाळावर आधी मेण, त्यावर कुंकू. मेणाने कुंकू धरून ठेवलं जाई आणि तळच्या कणांमधल्या फटीही भरत. आजचा प्रायमर किंवा क्रीम ब्लश हेच करतो. थर पातळ मात्र हवा. ओल्या फाउंडेशनवर पावडर पडली की कणाकणात द्रवाचे पूल तयार होतात, गोळे धरतात आणि गालावर डाग उमटतात.

फट भरली की रंग खुलतो, याचा मोह अजिंठ्यालाही नडला. तिथला लाल-पिवळा रंगही मातीतल्या लोहाच्या ऑक्साइडचाच. एकोणिसाव्या शतकात तिथल्या चित्रांच्या नकला उतरवणाऱ्या चित्रकारांनी रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर व्हार्निश चढवलं; १९२० नंतर निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तंत्रज्ञांनीही लाखेचा लेप वापरला. रंग तेव्हा खुललेही असतील, पण पुढे लेपच पिवळे पडले आणि ते काढण्याचं किचकट काम पुरातत्त्व खात्याच्या गळ्यात आलं.

काही डब्यांपुढे मात्र कुठल्याही ब्रशचं चालत नाही. टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक अडीचच्या वर, तेलाचा दीडच्या आत. त्यामुळे तो तेलात भिजला तरी पांढराच राहतो. मॅट ब्लशच्या खोक्यावरच्या यादीत सीआय ७७८९१, म्हणजे हाच पदार्थ, वरच्या नावांत असेल, तर सावळ्या गालासाठी दुसरी डबी बघावी. आणि चांगली डबी अचानक रंग सोडेनाशी झाली तर फेकू नये. ब्रशवरून उतरलेल्या तेलाचा चकचकीत थर वर जमलेला असतो. सेलोटेपचा तुकडा हलकेच दाबून ओढला की तो निघून येतो आणि खालची भुसभुशीत पावडर मोकळी होते.