काळ्या पट्ट्यांचं मूळ

नौपाड्यातल्या आमच्या एडिटिंगच्या खोलीत हल्ली लग्नाच्या जुन्या टेप फार येतात. आईवडिलांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात, हॉल ठरतो आणि मुलं मिनी डीव्हीच्या, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यातल्या छोट्या डिजिटल टेप घेऊन हजर. बहुतेकांनी आधी घरी खटाटोप करून पाहिलेला असतो: नवरी आडवी सुटलेली, नाहीतर चारी बाजूंनी काळी चौकट. "एक्सपोर्टला (तयार व्हिडिओची फाइल काढताना) गडबड झाली," म्हणतात. गडबड दिसते एक्सपोर्टला, पण तिची मुळं फार मागे जातात.

एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सनने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ३५ मिलिमीटर फिल्मवर दर फ्रेमला चार छिद्रं धरली. चित्र आलं साधारण एक इंच रुंद, पाऊण इंच उंच. रुंदी-उंचीचं हेच प्रमाण ४:३. बोलपट आल्यावर ध्वनिपट्टीने कडेची जागा खाल्ली आणि चित्र चौरसाकडे झुकलं. मग १९३२ साली अमेरिकेत दोन फ्रेममधली काळी रेघ जाड करून आकार १.३७:१ वर आणला. काळी पट्टी तेव्हा दुरुस्तीसाठी मुद्दाम वापरली होती, हे ऐकून आमच्या गिऱ्हाइकांना गंमत वाटते.

टीव्हीने ४:३ च उचललं. त्या टीव्हीपासून प्रेक्षक ओढायला सिनेमा रुंद झाला. सिनेमास्कोप १९५३ मध्ये आला, आपल्याकडे 'कागज़ के फूल' १९५९ मध्ये. असा सिनेमा टीव्हीवर दाखवायचा तर वरखाली पट्ट्या, नाहीतर कडा छाटा. १९८० च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अमेरिकी तंत्रज्ञाने प्रचलित आकार एकावर एक ठेवून १६:९ काढलं. ही तडजोडच होती: जुनं-नवं दोन्ही मावेल, पट्ट्या दोघांनाही थोड्या थोड्या.

आमच्या टेपची खरी गोम मात्र पॅल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही-व्हिडिओच्या पद्धतीत आहे. त्यात फ्रेम ७२० बाय ५७६ पिक्सेलची. भागाकार करून पाहा, ५:४ येतं. ४:३ नाही आणि १६:९ तर नाहीच. कारण तो पिक्सेल चौरस नसतो, दाखवताना ताणायचा असतो. त्यावर कडी म्हणजे, ४:३ आणि १६:९ दोन्ही शूटिंग याच ७२० बाय ५७६ मध्ये साठतं. फरक सांगणारी फक्त एक खूण. कॅप्चर करताना, म्हणजे टेप कॉम्प्युटरवर उतरवताना ती खूण हरवली की सॉफ्टवेअर अंदाज बांधतं आणि नवरा एकतर लुकडा होतो, नाहीतर जाडा.

म्हणून आधी क्लिपच्या सेटिंगमध्ये पिक्सेलचं प्रमाण नीट करायचं, मगच टाइमलाइन, म्हणजे क्लिपा जोडायची पट्टी बनवायची. ४:३ टेप १९२० बाय १०८० मध्ये बसवली की चित्र १४४० रुंद होतं आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेल काळे राहतात. ते राहू द्यावेत असं माझं मत. भरून काढायला चित्र मोठं केलं तर उंचीचा चौथा हिस्सा जातो. त्यात मुंडावळ्या जातात, कधी अक्षता टाकणारे हातही. कडेला त्याच चित्राची धूसर नक्कल लावायची फॅशन आहे, पण मला ती दमट काचेतून पाहिल्यासारखी वाटते.

चारी बाजूंची चौकट येते ती पट्ट्या चित्राचाच भाग होऊन बसल्यावर. उभा मोबाइल व्हिडिओ आडव्या टाइमलाइनवर टाकून एक्सपोर्ट केला आणि ती फाइल पुन्हा रीलसाठी उभ्या चौकटीत बसवली, तर मूळ चित्राला पडद्याचा जेमतेम दहावा भाग उरतो. अशा फाइलवर आधी काळं छाटायचं. त्याहून बरं, मूळ क्लिपवरून रीलची वेगळी, १०८० बाय १९२० ची टाइमलाइन करायची आणि एक्सपोर्टला तेच माप ठेवायचं.

अलीकडे हॉलमधल्या एलईडी वॉलने नवंच काम लावलंय. ती पॅनल जोडून उभी करतात, त्यामुळे बारा बाय आठ फुटांची असली तर आकार ३:२, आणि आमचं १६:९ तिथेही पट्ट्या घेऊन बसतं. आता टेप हातात घेण्याआधी मी डेकोरेटरला फोन करून वॉलची लांबी-उंची विचारून घेतो. तो म्हणतो, "स्टेजवर मावेल तेवढी."