मालवाहतूक सॉफ्टवेअरमधील भाडेआकारणी

माल कोठून कोठे जाणार, त्याचे वजन व आकारमान किती आणि पैसे कोण, कधी देणार, यांवरून पार्सलचे भाडे आपोआप निघावे म्हणून सॉफ्टवेअरमध्ये जे नियम भरून ठेवतात, त्यांना भाडेआकारणीच्या सेटिंग म्हणतात. ऑनलाइन दुकान, कुरिअरची बुकिंग प्रणाली आणि ट्रान्सपोर्ट कार्यालयातले बिल्टीचे (माल वाहतुकीला घेतल्याच्या पावतीचे) सॉफ्टवेअर, या सगळ्यांना त्या लागतात. कोल्हापुरात हे काम विशेष काळजीचे ठरते. हलकी पण जागा खाणारी चप्पल, लहान पण वजनदार गूळ आणि शिरोली व गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फौंड्रींचे ओतीव सुटे भाग असा भिन्न प्रकृतीचा माल इथून बाहेर पडतो. एका मालासाठी बसवलेली आकारणी दुसऱ्याला लावली की नुकसान होतेच.

बहुतेक घोळ वजनात होतो. भाडे काट्यावरच्या वजनावर लागतेच असे नाही. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकाराला ठरावीक आकड्याने भागले की आकारमानी वजन किलोमध्ये मिळते. कुरिअरमध्ये हा भाजक बहुधा ५०००, विमानाने जाणाऱ्या मालाला ६०००, तर रस्त्याने जाणाऱ्या मालाला काही कंपन्या ४००० किंवा ४५०० धरतात. भाजक जितका लहान, तितके आकारमानी वजन जास्त. काट्यावरचे आणि आकारमानी यांपैकी जे जास्त, ते आकारणीचे वजन.

कोल्हापुरी चपलेचा जोड ३२ × २२ × १२ सेंमी.च्या खोक्यात घातला आणि भाजक ५००० असला, तर आकारमानी वजन १.६९ किलो येते. खोक्यासह त्याचे खरे वजन ८०० ग्रॅम भरले, तरी ५०० ग्रॅमच्या टप्प्यांत भाडे २ किलोंचे लागते. तोच जोड एकावर एक ठेवून ३० × १२ × १० सेंमी.च्या खोक्यात बसवला, तर आकारमानी वजन ०.७२ किलोवर येते आणि आकारणी १ किलोची होते. म्हणून चपलांच्या व्यापाऱ्याने दराची घासाघीस करण्याआधी खोके बदलावे. गुळाचे उलट आहे. १ किलो गूळ पुठ्ठ्याच्या खोक्यात ८० ग्रॅमची भर पडून १.०८ किलो होतो आणि भाडे दीड किलोचे लागते. सॉफ्टवेअरमध्ये मालाचे वजन ‘१ किलो’ एवढेच भरले आणि वेष्टनाचे वजन धरले नाही, तर ग्राहकाकडून घेतलेले भाडे प्रत्येक पार्सलमागे कमी पडते. ओतीव भागांना आकारमानाचा प्रश्नच नसतो: ३० × २५ × २० सेंमी.च्या पेटीचे आकारमानी वजन ३ किलो, तर आतला माल सहज २५ किलोंचा. असा माल ट्रान्सपोर्टने जातो. तिथे किलोच्या दराबरोबर किमान आकारणीचे वजन, बिल्टीचा खर्च, प्रत्येक डागामागे (नगामागे) हमाली आणि भाडे ‘पेड’ (पाठवणाऱ्याने आधी भरलेले) की ‘टू पे’ (माल घेणाऱ्याने द्यायचे) हे नोंदवावे लागते.

दुसरा भाग अंतराच्या विभागांचा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या पिनकोडचे पहिले तीन अंक टपाल वर्गीकरणाचा जिल्हा दाखवतात, आणि अनेक दरपत्रके त्यांवरच विभाग पाडतात. कोल्हापूरसाठी हा मार्ग अपुरा आहे. कोल्हापूर शहर ४१६००१, इचलकरंजी ४१६११५, सांगली ४१६४१६. पण सावंतवाडी ४१६५१० आणि मालवण ४१६६०६ हीसुद्धा ‘४१६’चीच. मधे सह्याद्रीचे घाट आहेत आणि कोकणातल्या पोहोचीचा खर्च इचलकरंजीसारखा नसतो. राज्यावरून विभाग पाडणे तर त्याहून फसवे. निपाणी (५९१२३७) कोल्हापूरपासून साधारण ४० किमी.वर असूनही कर्नाटकात, म्हणून परराज्य, आणि विदर्भाच्या टोकाचे नागपूर मात्र स्वराज्य! तेव्हा इथल्या दुकानदाराने पूर्ण सहा अंकी पिनकोडची यादी भरावी. मेहनत एकदाच पडते. निपाणीला जाणारा माल ५०,००० रुपयांहून जास्त किमतीचा असेल, तर आंतरराज्य म्हणून त्याला ई-वे बिलही (जीएसटीखाली मालवाहतुकीसाठी काढायचा ऑनलाइन दाखला) लागते. म्हणून बुकिंगमध्ये मालाची किंमत भरणे सक्तीचे ठेवावे.

मूळ भाड्यावर इंधन अधिभार टक्केवारीने लागतो. घरपोच रोख वसुलीला ठरावीक रक्कम किंवा किमतीची टक्केवारी, यांतली मोठी रक्कम घेतात. माल परत आला तर परतीचे भाडे वेगळे. हिशेबाचा क्रम इथे महत्त्वाचा. मूळ भाडे ८० रुपये आणि इंधन अधिभार २० टक्के असेल तर ९६ रुपये, त्यावर कुरिअर सेवेचा १८ टक्के जीएसटी धरून ११३.२८ रुपये. इंधन अधिभार रोख वसुलीच्या शुल्कावरही लागतो का, हे करारात वाचून तसेच भरावे. मात्र दुकानदार वस्तूबरोबरच पोहोचीचे पैसे घेतो, तेव्हा तो एकत्रित पुरवठा ठरून भाड्यालाही मुख्य वस्तूचाच कर लागतो. कुरिअरचे १८ टक्के ग्राहकाच्या बिलात तसेच उतरवणे चुकीचे.

एकाच पत्त्याला दोन नियम लागू पडत असतील, तर कोणता चालणार हे क्रमावर ठरते. वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये विभाग वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळणारा विभागच लागू होतो. म्हणजे ‘महाराष्ट्र’ वर आणि ‘सावंतवाडी’ खाली ठेवले, तर सावंतवाडीचा दर कधीच लागणार नाही; अरुंद विभाग नेहमी वर हवा. कुरिअरकडून थेट दर मागवणाऱ्या मांडणीत उत्तर आले नाही तर लावायचा पर्यायी दर भरावा, नाहीतर ग्राहकाची ऑर्डर भाड्यापाशीच अडते.

पुराचीही सोय करावी लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ पंचगंगेचे पाणी पुणे–बंगळूर महामार्गावर येऊन वाहतूक थांबली होती. अशा वेळी भाडे वाढवून काही साधत नाही; पोहोच न होणारे पिनकोड तात्पुरते बंद करावेत आणि बाकीच्यांना पोहोचीचे दिवस वाढवून दाखवावेत.

मांडणी चालू करण्यापूर्वी काही पत्त्यांवर चाचणी ऑर्डर टाकतात. कोल्हापूरसाठी राजारामपुरी (४१६००८), सावंतवाडी, निपाणी, नागपूर (४४०००१) आणि गुवाहाटी (७८१००१) एवढे पत्ते पुरेसे बोलके आहेत. प्रत्येकावर आगाऊ भरणा आणि रोख वसुली असे दोन्ही प्रकार, चपलेच्या व गुळाच्या वजनाने तपासावेत. पुढे कुरिअरचे पहिले बिल आले की ओळीओळीने ताडून पाहावे. कुरिअर कंपन्या आपल्या केंद्रात पार्सल पुन्हा मोजतात आणि फरकाची रक्कम नंतर कापतात. खोक्याचे बाहेरचे माप आणि काट्यावरचा फोटो दुकानदाराने जपून ठेवला असेल, तरच त्या कपातीवर हरकत टिकते.