वय वाढतं तसं उद्दिष्ट बदलावं

'पोराला नव्वद टक्के पडले पाहिजेत' हे लातूर पॅटर्नच्या मुलखात घरोघर ऐकू येतं. पण टक्के हा निकाल झाला. आज संध्याकाळी नेमकं काय करायचं, हे त्यातून मुलाला कळत नाही. म्हणून घरात ठरवायचं ते काम: कोणतं, किती वेळ, कशानंतर. 'रोज अभ्यास कर'पेक्षा 'चहा झाला की दहा मिनिटं मोठ्यानं वाचन' जास्त टिकतं. चहाच आठवण करून देतो.

तिसरीपर्यंत वाचन आणि अंक, एवढंच पुरे. २०२१ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं तिसरीअखेरचं लक्ष्य आहे मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून. घरी मोजायचं तर न वाचलेला उतारा द्या, मोबाइलवर एक मिनिट लावा, वाचलेल्या शब्दांतून चुकलेले वजा करा. मग पुस्तक मिटून विचारा, 'काय झालं त्यात?' सांगता आलं नाही, तर त्या वेगाला किंमत नाही. मूल अडलं की लगेच टोकू नका, तीन-चार सेकंद थांबा. आणि दर वेळी तोच उतारा दिलात, तर मोजलं जातं ते पाठांतर.

पाढ्यांचंही असंच. सुरात म्हणणारं पोर 'सात आठे किती?' म्हटलं की 'सात एके सात'पासून चढत येतं. पाढा येतो, पण सुटा प्रश्न येत नाही. उलटसुलट विचारा: आज, परवा, मग आठवड्यानं. विसरणं सुरुवातीला भराभर होतं आणि पुढे मंदावतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मोजून दाखवलं. म्हणून एका बैठकीत वीसदा घोकण्यापेक्षा अंतर ठेवून चारदा आठवणं सरस.

पाचवी-सातवीच्या मुलाच्या हाती मोंढ्यातली, म्हणजे धान्यबाजारातली, माल विकल्याची पट्टी (पावती) द्यावी. समजा, सोयाबीन १८ क्विंटल ४ किलो, भाव क्विंटलला ४,३०० रुपये. पुष्कळ मुलं १८.४ ने गुणतात आणि ७९,१२० काढतात. खरं वजन १८.०४ क्विंटल, रक्कम ७७,५७२. एका शून्यापायी १,५४८ रुपयांचा फरक! दशांश चिन्ह इथं जितकं पटतं तितकं वहीत पटत नाही. हमाली-तोलाईची वजावट त्यानंतर.

आठवीपासून उद्दिष्ट मुलानं स्वतः लिहावं. आई-वडिलांनी रविवारी एवढंच विचारावं: काय जमलं, कुठं अडलं? काढणीत सगळं घर रानात असतं, तेव्हा धाकट्यांची दहाची पाच मिनिटं करा, पण बंद करू नका. सवय एकदा मोडली की दिवाळीनंतर पुन्हा बसवणं जड जातं.