थायरॉईडची गोळी आणि सहा आठवड्यांचा हिशेब

दिवाळीत मावशीचा रिपोर्ट नॉर्मल आला आणि तिने थायरॉईडची गोळी सोडली. रिपोर्ट नॉर्मल होता तो गोळीमुळेच, हे तिच्या लक्षातच आलं नाही. संक्रांतीपर्यंत चेहरा सुजला, थंडी सोसेना. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. दहाव्या दिवशी तिने परस्पर टीएसएच (थायरॉईड कमी पडला की चढणारं संप्रेरक) तपासलं, आकडा चढाच. मग आपल्या मनाने दोन-दोन गोळ्या! पुढे छातीत धडधड, हाताला कंप.

गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन म्हणजे आपल्याच थायरॉईड ग्रंथीत बनणारं टी-४ हे संप्रेरक. रक्तात त्यातलं ९९.९७ टक्के प्रथिनांना चिकटून बसतं, म्हणून ते सावकाश संपतं. पॅरासिटामॉल दोन-तीन तासांत निम्मं होतं, टी-४ ला सात दिवस लागतात. म्हणूनच गोळी सोडल्यावर सुरुवातीला काहीच बिघडत नाही आणि माणूस फसतो.

परत सुरू करताना हाच हिशेब उलटा. ग्रंथी काहीच बनवत नाही असं धरू. पहिल्या आठवड्याअखेर अंतिम पातळीच्या ५० टक्के, दुसऱ्याच्या ७५, मग ८७.५, ९४, ९७. पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे हवेतच. थायरॉईड मंदावलेल्या शरीरात टी-४ आणखी रेंगाळतं, निम्मं व्हायला नऊ-दहा दिवस.

त्यात टीएसएच हे थायरॉईडचं नव्हे, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचं संप्रेरक. टी-४ निम्मं झालं तर टीएसएच दुप्पट नाही, शंभरपटीपर्यंत चढू शकतं; नातं लॉगॅरिदमचं आहे. एवढं चढलेलं उतरायलाही आठवडे लागतात. दहाव्या दिवशीचा आकडा जुन्या टंचाईचाच असतो.

धडधडीचं कारण वेगळं. पेशी टी-४ मधला एक आयोडीन अणू काढून टी-३ बनवतात. ते हृदयाच्या पेशींच्या केंद्रकात शिरून ठोक्यांचा वेग वाढवणारी जनुकं जागी करतं. म्हातारपणी किंवा हृदयविकार असताना डॉक्टर २५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमीने सुरुवात करतात ते यासाठी.

'काढ्याने थायरॉईड मुळापासून बरा' हे मावशीलाही फॉरवर्ड आलंच. बाळंतपणानंतरचा थायरॉईडदाह बहुतेकींचा वर्षभरात आपसूक ओसरतो. श्रेय काढा घेऊन जातो.

मावशीची गोळी आता पुन्हा एकच, पहाटे पाण्याबरोबर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी, कारण त्या टी-४ ला आतड्यातच धरून ठेवतात. सहा आठवड्यांनंतरची तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहिली आहे. तिची तक्रार एकच: चहासाठी तासभर थांबायचं.